लांबलेले आमेन

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी यज्ञेश्वर निसळ ऑर्गनची मागची फळी काढून खांद्यापर्यंत आत शिरलेले होते. बाहेर धोतर आणि दोन पाय तेवढे दिसत होते. नगर शहरात सर्जेपुऱ्याच्या पुढे एक दगडी चर्च आहे, तिथला हा ऑर्गन; आणि १९४७ सालच्या फेब्रुवारीतला हा सोमवार. आतून एकेक वस्तू बाहेर येऊन फरशीवर मांडली जात होती. खडूचा तुकडा, सदऱ्याची बटणे, कुरतडलेले चामडे आणि शेवटी उंदराचे रिकामे घरटे.

"तुमचे उंदीर सभ्य आहेत," आतून आवाज आला. "भाता खाल्ला, पण सुरांना दात लावलेला नाही. नाटक कंपनीतले असते तर पितळसुद्धा सोडलं नसतं."

"दुरुस्त होईल का ते सांगा," गोजरबाई वैरागर म्हणाल्या. "उंदरांना दाखला मग देऊ."

गोजरबाई मुलींच्या शाळेत गणित आणि गाणे शिकवत. चर्चमधले तीसेक गाणाऱ्यांचे मंडळ त्यांच्या हाताखाली होते. ऑर्गन वाजवणाऱ्या अमेरिकन मॅडम डिसेंबरात मायदेशी गेल्या आणि त्या परत येणार नव्हत्या. तेव्हापासून ऑर्गन बंद होता, म्हणून उंदरांना फावले.

यज्ञेश्वर तेव्हा चोपन्न वर्षांचे होते. माळीवाड्यात त्यांचे पेट्या दुरुस्त करण्याचे दुकान आहे. भजनी मंडळांच्या, शाळांच्या, तमाशाच्या फडांच्या आणि हौशी वकिलांच्या हार्मोनियम तिथे येतात. पण हा त्यांचा मूळ धंदा नव्हे. त्याआधी बावीस वर्षे ते एका फिरत्या संगीत नाटक कंपनीत ऑर्गन वाजवत. नाटकातला ऑर्गन म्हणजे मोठी पायपेटी. भाता पायाने चालवायचा, दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे, आणि गुडघ्याजवळच्या फळीने आवाज लहानमोठा करायचा. पडदा उघडण्याआधी लोकांना पहिला दिसायचा तो ऑर्गनवाला, आणि घरी जाताना कुणाच्या लक्षात राहायचा नाही तोही ऑर्गनवालाच. यज्ञेश्वरांची त्याबद्दल तक्रार नव्हती.

बोलपट आले आणि दहा वर्षांपूर्वी कंपनी बार्शीच्या मुक्कामात मोडली. ऑर्गन सोलापूरच्या एका कापडव्यापाऱ्याने नेला. दोन वर्षांनी यज्ञेश्वर सोलापूरला गेले असताना मुद्दाम त्याच्या घरी गेले. दिवाणखान्यात ऑर्गनवर फुलदाणी होती आणि घरातल्या मंडळींचे फोटो होते.

"वाजवतं का कोणी?" त्यांनी विचारले.

"छे हो, मुलं हात लावतात म्हणून कुलूप घातलंय," व्यापारी म्हणाला.

तेव्हापासून ते एकाही ऑर्गनपुढे बसले नव्हते. हार्मोनियमवर त्यांचे मन रमत नसे. एक हात भात्यात अडकतो, हे त्यांना कायम अडचणीचे वाटत आले. त्यांच्या पत्नी अंबिकाबाई सांगत, की जेवायला पाटावर बसले तरी यांचे पाय भाता मारल्यासारखे हलत असतात, आणि समोरच्या वाटीतली आमटी डुचमळते.

भात्याला नवे चामडे बसायला आठवडा लागला. सरस वाळल्यावर यज्ञेश्वरांनी फळी बंद केली, स्टूल पुढे ओढले आणि "दहा मिनिटं वाजवून बघतो" असे सांगितले. गोजरबाई शेजारच्या खोलीत मुलींच्या गणिताच्या वह्या तपासत होत्या. वह्या संपल्या. शाळेची मधल्या सुट्टीची घंटा झाली. यज्ञेश्वर अजून वाजवूनच बघत होते.

गोजरबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तपासणी झाली का, पंत?"

"एक सूर जरा दबका वाटतोय."

"कुठला?"

"तेच शोधतोय," यज्ञेश्वर म्हणाले. त्यांनी पट्ट्यांवरून हात काढला नाही.

गोजरबाईंनी तिथेच विषय काढला. मॅडम जाण्याआधी मंडळाने एक मोठी रचना बसवायला घेतली होती. दोनशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या कुणा चर्चवादकाने देवाच्या स्तुतीसाठी चार आवाज आणि ऑर्गन यांना धरून ती बांधलेली. तिचे पाच भाग. पहिल्या चार भागांना गोजरबाई आणि मॅडम यांनी मिळून मराठी शब्द बसवले होते. पाचव्या भागाला शब्द शोधावे लागले नाहीत, कारण त्यात 'आमेन' हा एकच शब्द आहे आणि तो शेवटपर्यंत पुरतो. मंडळाचा वर्षभर सराव झाला होता. ईस्टरच्या सकाळी ती म्हणायची होती. ऑर्गनशिवाय ती उभी राहत नव्हती.

"मला तुमची ती रेघांवरची टिंबं वाचता येत नाहीत," यज्ञेश्वरांनी स्पष्ट सांगितले.

"आमच्यातल्या कितीजणांना येतात? आम्ही सगळे डो-रे-मी वर शिकलो. डो म्हणजे तुमचा सा. कुठल्याही पट्टीत."

"मग सा म्हणायला काय झालं होतं?"

"ते मॅडमना विचारा. बोटीचं भाडं मिळालं तर."

यज्ञेश्वर हसले, आणि मग ज्या गोष्टीबद्दल ते आठ वर्षे कुणाशी काही बोलले नव्हते ती त्यांनी विचारली. "ईस्टरनंतर हा कोण वाजवणार?"

हा प्रश्न चर्चच्या पंचांकडे होता. पंचांचे प्रमुख कारभारीमामा हे तिसगावकडचे निवृत्त शाळामास्तर. सगळी मंडळी त्यांना मामा म्हणत आणि त्यांच्या समोर हळू बोलत. मामांचे मत पुण्याहून शिकलेला, चर्चमध्ये वाढलेला वादक आणावा असे होते. तसा एकजण यायला तयारही होता. नाटकातला माणूस पवित्र गाण्याच्या साथीला बसवायचा, हे मामांना पटत नव्हते. निसळ ब्राह्मण आहेत हा मुद्दाही एका पंचाने काढला.

त्यावर चर्चचे धर्मगुरू पाळकसाहेब म्हणाले, "ऑर्गन लाकडाचा आहे आणि वाजवणारा माणूस आहे. प्रार्थना म्हणणारे आपण आहोत. आपण नीट म्हटली म्हणजे झालं."

शेवटी मामांनी अट घातली. ईस्टरला रचना लिहिल्याप्रमाणे पार पडली तर ऑर्गन कायमचा निसळांकडे. गडबड झाली तर पुढच्या रविवारपासून पुण्याचा वादक.

"लिहिल्याप्रमाणे म्हणजे लिहिल्याप्रमाणे," मामा म्हणाले. "मी कागद हातात घेऊन बसणार आहे."

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर गोजरबाई आणि यज्ञेश्वर ऑर्गनपाशी बसू लागले. त्या डो-रे-मी सांगत, ते सा-रे-ग करून लिहीत. चारही आवाज वेगवेगळ्या ओळींत. पहिल्या दिवशी चहा आला तेव्हा गोजरबाईंनी कप लगेच पुढे केला नाही.

"आमच्याकडचा चालेल ना?"

"बाई, मी बावीस वर्षं कंपनीत काढली. तिथल्या चहाला जात विचारत बसलो असतो तर तिसरी घंटा होऊन गेली असती. साखर किती आहे एवढं सांगा."

"रेशनमध्ये मिळते तेवढी."

"म्हणजे जातीचा प्रश्नच नाही. चहाच नाही हा," यज्ञेश्वर म्हणाले आणि कप रिकामा केला.

अडचणी चहाच्या नव्हत्या. नाटकात यज्ञेश्वरांनी एका वेळी एका गायकाला साथ केली होती. इथे चार आवाज चार वाटांनी जात होते आणि चौघेही बरोबर होते. पहिल्या आठवड्यात त्यांचा डावा हात उजव्याच्या मागे जाऊन बसे. दुसऱ्या आठवड्यात तो वेगळा चालू लागला. गोजरबाई चारांपैकी एकेक आवाज गात आणि ते बाकीचे तीन वाजवत. अंबिकाबाईंना रात्री भाकरी थापताना शेजारी बसलेल्या नवऱ्याकडून असे ऐकायला मिळे, की जाड आवाज वर चढतो तेव्हा बारीक आवाज खाली उतरतो, आणि दोघे वाटेत एकमेकांना धक्का न लावता जातात.

"आपल्याकडे कधी जमलंय?" अंबिकाबाई म्हणत. "जरा सरका, परात घ्यायचीय."

तिसऱ्या भागात मोठा पेच आला. गोजरबाई सांगत होत्या, यज्ञेश्वर लिहीत होते, आणि मध्येच त्या म्हणाल्या, "इथून डो बदलला."

यज्ञेश्वरांनी लेखणी खाली ठेवली. "गाणं चालू असताना?"

"हो."

"षड्ज बदलला? गायक जागा आहे ना? शुद्धीवर आहे?"

"आठ ओळींनी परत येतो जुन्या जागी."

"मामलेदाराची बदली व्हावी तसा षड्ज," यज्ञेश्वर म्हणाले. पण त्यांनी लिहून घेतले, वाजवले, आणि षड्ज परत जुन्या जागी आला तेव्हा तो तुकडा लागोपाठ चार वेळा वाजवला. गोजरबाईंनी चौथ्या वेळेनंतर विचारले, अजून काही दबके वाटते का. नाही, म्हणाले. हे सुख आहे, म्हणाले.

मार्चच्या मध्यावर मंडळाबरोबरची पहिली तालीम संध्याकाळी झाली. गाणाऱ्यांत शिक्षक होते, परिचारिका होत्या, दोन टपालवाले होते. जाड आवाजाच्या रांगेत आसाराम होता. तो भिंगारच्या लष्करी कारखान्यात सुतारकाम करायचा आणि सायकलवर येऊन दाराशीच पायातली वहाण झटकायचा. आसारामचे बालपण तिसगावजवळ गेले. तिकडे वस्तीवस्तीवर येशूच्या गोष्टींची कीर्तने होत, त्यांत तो झांज वाजवी आणि मागे म्हणे. कीर्तनकाराने ओळ टाकली की मागच्यांनी ती उचलायची, हे त्याच्या अंगात मुरलेले होते. मंडळातले निम्मे लोक असेच कीर्तनात मागे म्हणून शिकलेले.

पहिला भाग उत्तम गेला. शेवटचा लांब स्वर आला. मंडळाने तो धरला, ऑर्गननेही धरला. स्वर चालू राहिला. परिचारिकांपैकी एकीने श्वास घेऊन पुन्हा धरला. स्वर चालू राहिला. आसारामचा चेहरा लाल झाला. टपालवाल्याने बाकाची कड पकडली. यज्ञेश्वरांच्या कपाळावर घाम आला आणि पाय भाता मारत राहिले. शेवटी बारीक आवाजाच्या रांगेत कुणाला तरी हसू फुटले आणि सगळे एकदम कोसळले.

"तुम्ही थांबला का नाहीत?" गोजरबाईंनी विचारले.

"तुम्ही थांबला नाहीत म्हणून," यज्ञेश्वर धापा टाकत म्हणाले.

"मॅडमनी आम्हाला शिकवलंय, ऑर्गन थांबल्याशिवाय स्वर सोडायचा नाही."

"आणि आमच्या बुवांनी मला शिकवलंय, गाणारा सोडत नाही तोवर ऑर्गननं सोडायचा नाही. गाणाऱ्याला उघडं पाडणं हे पाप."

मग आसाराम बाकावर बसला.

"मंग आता मेलो तरी सुटका न्हाई," तो म्हणाला. "तुमी धरून बसायचं, आमी धरून बसायचं. गावात लई झाली असली भांडनं, पन सुरात पयल्यांदाच बघतोय."

तोडगा गोजरबाईंनी काढला. स्वर सोडायचा तो दोघांनीही त्यांच्या हातावर. बोट वर असेल तोवर धरायचे, बोट खाली आले की सोडायचे. पण ऑर्गन पश्चिमेच्या भिंतीला टेकलेला होता. वाजवणाऱ्याची मंडळाकडे पाठ, गोजरबाईंकडेही पाठ. मॅडमना मागे बघावे लागत नसे, कारण मंडळच त्यांच्या मागून जाई. यज्ञेश्वरांनी मान वळवून वाजवून पाहिले. मान वळली की डावा हात पुन्हा उजव्याच्या मागे जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी ते धोतराच्या सोग्याखाली काहीतरी झाकून आले. अंबिकाबाईंच्या फणेरपेटीचा आरसा होता. सागवानी चौकटीचा, वीतभर. त्यांनी तो ऑर्गनच्या वरच्या फळीवर तिरका बसवला. त्यात गोजरबाईंचा उजवा हात स्पष्ट दिसला.

घरी मात्र आरसा कुठे गेला याची चौकशी सुरू होती.

"मी कुंकू कशात बघून लावू?" अंबिकाबाईंनी विचारले.

"ईस्टरपर्यंत अंदाजानं लाव. पस्तीस वर्षं लावते आहेस, कपाळ काही हललेलं नाही."

"आयुष्यभर नाटकातल्या नायिका बघितल्या. आता माझ्या आरशात गोजरबाईंना बघणार."

"त्यांचं फक्त बोट दिसतं."

"ऐकलं शेजारच्यांनी, तर हे वाक्य त्यांना नीट समजावून सांगा," अंबिकाबाई म्हणाल्या. ईस्टरच्या दिवशी मी स्वतः येऊन आरसा घेऊन जाणार, असेही त्यांनी जाहीर केले.

पुढच्या तालमी सुरळीत झाल्या. बोट खाली आले की तीस गळे आणि एक ऑर्गन एका क्षणी गप्प होत. पाचव्या भागातले आमेन सगळ्यांना आवडू लागले. त्याची सुरुवात जाड आवाजाची. आसारामच्या रांगेने ओळ टाकायची, ती पुरुषांच्या उंच आवाजाने उचलायची, मग बायकांच्या खालच्या, मग वरच्या. चारही जण एकच ओळ वेगवेगळ्या वेळी म्हणत पुढे जातात आणि शेवटी एका लांब स्वरावर एकत्र येतात. मॅडमना हे मंडळाला शिकवायला तीन महिने लागले होते. आसारामच्या मते त्यात शिकण्यासारखे काही नव्हते. एकाने टाकली, दुसऱ्याने उचलली. कारभारीमामा शेवटच्या दोन तालमींना येऊन बसले. कागद त्यांच्या हातात होता. ते काही बोलले नाहीत, आणि मामा बोलत नाहीत तेव्हा काही चुकलेले नसते, असा मंडळाचा अनुभव होता.

ईस्टर सहा एप्रिलला आला. उपासना सूर्योदयाच्या सुमारास सुरू झाली. चर्च भरले होते. खेड्यांतून आलेली माणसे भिंतीलगत उभी होती. अंबिकाबाई शेवटच्या बाकावर कडेला बसल्या. आपण आरसा न्यायला आलो आहोत, हे त्यांनी शेजारच्या बाईला बसण्याआधीच सांगून टाकले. कपाळावरचे कुंकू मधोमध होते. मामा पहिल्या बाकावर कागद घेऊन बसले.

पहिला भाग झाला. दुसरा झाला. तिसऱ्यात षड्ज गेला आणि आपल्या जागी परत आला. चौथ्या भागानंतर यज्ञेश्वरांनी उपरण्याने हात पुसले. आता फक्त एक शब्द उरला होता आणि त्यावर त्यांचे पुढचे सगळे रविवार अवलंबून होते.

तालमी संध्याकाळी झाल्या होत्या, ही गोष्ट तोवर कुणाच्या ध्यानात आली नव्हती. चर्चला पूर्वेकडे उंच खिडकी आहे. आमेन मध्यावर आले तेव्हा सूर्य बरोबर त्या खिडकीत आला, तिथून आरशात, आणि आरशातून यज्ञेश्वरांच्या डोळ्यांत. त्यांना गोजरबाईंचे बोट दिसेना, गोजरबाई दिसेनात, आरशाची चौकटसुद्धा दिसेना. हात चालू राहिले. शेवटचा लांब स्वर आला. मंडळाने धरला, ऑर्गनने धरला. गोजरबाईंचे बोट खाली आले आणि तीस गळे जागच्या जागी थांबले.

ऑर्गन थांबला नाही.

तो एकटा स्वर दगडी भिंतींमध्ये मोठा वाटला. यज्ञेश्वरांना कळले की गाणारे गप्प झाले आहेत. गाणारा मध्येच गप्प होतो तेव्हा साथीदाराने काय करायचे, हे त्यांच्या हातांना बावीस वर्षे माहीत होते. घसा बसला असेल, शब्द आठवत नसेल, रागावून विंगेत बघत असेल, कारण काहीही असो. ऑर्गनवाल्याने ओळीचा मुखडा वाजवून त्याला परत यायची जागा दाखवायची. डोळ्यांनी काही ठरवायच्या आत डाव्या हाताने तेच केले. आमेनची पहिली ओळ, जाड आवाजाची, त्याने वाजवून टाकली.

आणि आसारामने ती उचलली.

"मुखडा आल्यावर मागं ऱ्हायचं कसं?" असे त्याने नंतर विचारले. "तोंड आपोआप उघडतंय."

त्याची रांग त्याच्याबरोबर उठली. पुरुषांच्या उंच आवाजाने त्यांची ओळ उचलली, आणि त्यानंतर कुणालाच थांबवणे शक्य नव्हते. गोजरबाईंचा हात अर्ध्यावर होता. त्यांनी तो खाली घेतला नाही, वर केला आणि बायकांना त्यांची जागा दाखवली. आमेन दुसऱ्यांदा सुरू झाले. पहिल्या वेळी जे जपून म्हटले होते ते आता मोकळ्या गळ्याने येऊ लागले. भिंतीलगतची माणसे, ज्यांना रचना ठाऊक नव्हती पण ओळ आता एकदा ऐकून झाली होती, तीही म्हणू लागली. कीर्तनात मागे म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही.

गोजरबाईंना एव्हाना आरशात यज्ञेश्वरांच्या चेहऱ्यावरचा उजेडाचा चौकोन दिसला होता. त्या हात चालवत चालवत बाजूला सरकल्या, आणखी सरकल्या, खिडकी आणि आरसा यांच्या मधोमध उभ्या राहिल्या. त्यांची सावली आरशावर पडली. यज्ञेश्वरांना आधी काळे काहीतरी दिसले, मग पदर, मग हात, मग बोट. शेवटचा स्वर आला. गोजरबाईंनी तो पुरेसा लांबवला. बोट खाली आले आणि चर्चमध्ये एकही आवाज उरला नाही.

यज्ञेश्वर स्टुलावरून उठले नाहीत. त्यांनी सुरांचे खटके आत ढकलले, पट्ट्यांवरचे झाकण लावले आणि झाकणावर हात ठेवून बसले. आपण काय केले ते त्यांना नेमके माहीत होते.

उपासना संपल्यावर लोक बाहेर अंगणात गेले. पंच, पाळकसाहेब आणि मंडळातले काहीजण ऑर्गनपाशी जमले. मामांनी कागद चष्म्याजवळ धरला.

"इथं आमेन एकदा आहे," ते म्हणाले.

"एकदाच आहे, मामा," गोजरबाई म्हणाल्या.

"आपण दोनदा म्हटलं."

"चूक माझी," यज्ञेश्वर म्हणाले. "उजेडानं दिसेना आणि हात जुन्या वळणावर गेला. मंडळाचा काही दोष नाही."

"माझा हाय थोडा," आसाराम म्हणाला. "पंतांनी नुसतं दार उघडलं. आत मी शिरलो."

मामांनी त्याच्याकडे पाहिले नाही. "लिहिल्याप्रमाणे, असं ठरलं होतं."

"ठरलं होतं," गोजरबाई म्हणाल्या. "आणि माझी तक्रारही आहे. दुसऱ्या वेळी जाड आवाज फार वर आला. बायका झाकल्या गेल्या."

"आसारामला सांगा की."

"आसारामचा नव्हता. पहिल्या बाकावरून येत होता."

कुणी हसले नाही, कारण मामा समोर होते. पाळकसाहेब खिडकीकडे बघू लागले.

"मी म्हटलं?" मामांनी विचारले.

"उभं राहून म्हटलंत. कागद खाली पडला होता, तो मी उचलून तुमच्या हातात दिला," पाळकसाहेब खिडकीकडेच बघत म्हणाले.

मामांनी कागदाची घडी घातली. ते तिसगावला पोरवयात कीर्तनात मागे म्हणत, हे मंडळातल्या जुन्या लोकांना माहीत होते, पण बोलायची कुणाची छाती नव्हती.

"सूर्याला काही अट घालता येत नाही," मामा म्हणाले. "खिडकीला पडदा लावा. आणि निसळ, पुढच्या ईस्टरला एकदाच."

"एकदाच," यज्ञेश्वर म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आले की मामा पुढच्या ईस्टरबद्दल बोलले आहेत. त्यांनी गोजरबाईंकडे पाहिले. गोजरबाई कागद गोळा करत होत्या.

"पुण्याच्या माणसाला काय कळवायचं?" एका पंचाने विचारले.

"जागा भरली म्हणून," मामा म्हणाले आणि बाहेर पडले.

अंबिकाबाई एव्हाना पुढे आल्या होत्या. आरसा त्यांनी स्वतःच काढला, पदराने पुसला आणि त्यात एकदा बघून घेतले.

"चांगलं झालं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "पण वन्समोअर कुणी दिला? मला ऐकू नाही आला."

"मीच दिला, आणि मीच घेतला."

"बाई, तुम्ही पण गात होता ना दुसऱ्या वेळी?" गोजरबाईंनी अंबिकाबाईंना विचारले.

"एकच तर शब्द आहे," अंबिकाबाई म्हणाल्या. "तेवढ्यासाठी गप्प कशाला बसायचं?"

गोजरबाईंनी आपल्या शाळेतला एक आरसा चर्चसाठी देण्याचे कबूल केले. पाळकसाहेबांनी यज्ञेश्वरांना सांगितले, की सरावासाठी रविवारची वाट बघायचे कारण नाही. दार रोज सकाळी उघडते आणि शाळेची प्रार्थना सुरू होईपर्यंत चर्च रिकामे असते. यज्ञेश्वरांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. रोज, का? रोज.

उद्या सोमवार. चर्चचे दार साडेसहाला उघडेल. यज्ञेश्वर निसळ आठपर्यंत ऑर्गन वाजवतील, मुली प्रार्थनेला आल्या की उठतील, आणि नऊ वाजता माळीवाड्यातले दुकान नेहमीप्रमाणे उघडतील.